फ्लॉपीचं सोंग

संगणकातल्या पहिल्या ड्राइव्हला ‘सी’ म्हणतात. मुळाक्षरं तिसऱ्या अक्षरापासून सुरू करण्याचा हा प्रकार आता इतका अंगवळणी पडला आहे की ‘ए’ आणि ‘बी’ कुठे गेले, असं कोणी विचारतही नाही. त्या दोन जागा फ्लॉपीच्या. फ्लॉपी गेली, तिची खाच बुजली, खाच असलेले संगणक भंगारवाल्याने किलोच्या भावाने नेले, तरी जागा राखीव त्या राखीवच. दहा हजार फ्लॉप्यांचा ऐवज पोटात घेऊन १६ जीबीचा पेनड्राइव्ह दारात उभा राहिला, तरी विंडोज त्याला आपण होऊन ‘ए’ देत नाही. ई घ्या, एफ घ्या, मागे सरकून बसा.

मेलेल्या माणसाची जागा इतकी वर्षं कोणी राखून ठेवत नाही. त्या अर्थी फ्लॉपी मेलेली नसणार, असा मला संशय होता. तो खरा ठरला आमच्या दाजींच्या शेडमध्ये.

दाजींचा धंदा एम्ब्रॉयडरीचा. हडपसरच्या पुढे पत्र्याची शेड आणि शेडमध्ये बारा हेडचं जपानी मशीन. बारा हेडचं म्हणजे एकच डिझाईन एकाच वेळी बारा कापडांवर उतरतं. शाळांचे बिल्ले, हॉटेलातल्या वेटरांचे खिसे, ढोल-ताशा पथकांचे झब्बे, गणेश मंडळांच्या टोप्या, आणि निवडणूक आली की पक्षचिन्हांची उपरणी. मशीन नव्वदच्या दशकातलं. दाजींनी घेतलं तेव्हाच ते सेकंडहँड होतं आणि विकणाऱ्याने ‘अजून दहा वर्षं बघायला नको’ असं सांगितलं होतं. ती दहा वर्षं उलटून गेली, विकणारा धंद्यातून उठला, मशीन चालूच आहे. लोखंड शाबूत, मोटर शाबूत, बारा हेड एका तालात धडधडतात. अडचण फक्त खाण्याची. हे मशीन डिझाईन घेतं ते फ्लॉपीतूनच. दुसरं काही त्याच्या तोंडाला लागलेलंच नाही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, डिझाईन म्हणजे चित्र. तसं नाही. मशीनला मोर कळत नाही. त्याला टाक्यांची यादी लागते: सुई इतकी उजवीकडे, इतकी वर, टोच, पुन्हा इतकी डावीकडे, टोच. धंद्यात सगळ्यात जास्त चालते ती डीएसटी नावाची फाइल. तिच्यात सुरुवातीला ५१२ बाइटचा मथळा, आणि मग एकेका टाक्याला तीन-तीन बाइट. एका टाक्यात सुई फार तर १२.१ मिलिमीटर सरकू शकते. त्याहून लांब जायचं तर उडी मारत मारत जायचं. तीन बाइटांच्या हिशेबाने एका साडेतीन इंची फ्लॉपीत पावणेपाच लाखांहून जास्त टाके बसतात. मंडळाचं बोधचिन्ह पंधरा हजार टाक्यांचं धरलं, तर अशी तीसेक मंडळं एका फ्लॉपीत सुखाने नांदतात. प्रत्यक्ष पेठेत तीस मंडळं अशी शेजारी शेजारी ठेवून बघा. आणि हीच ती फ्लॉपी, जिच्यात तुमच्या फोनवर काढलेला एक फोटो मावत नाही.

म्हणून ‘अजून फ्लॉपी वापरता?’ असं कोणी नाक मुरडून विचारलं की दाजींना राग येतो. त्यांच्या मशीनला जागा कधी कमी पडलीच नाही. कमी पडल्या त्या फ्लॉप्या.

फ्लॉपीच्या जागेवरून आठवलं. तिच्यावर १.४४ एमबी असं छापलेलं असतं, तो आकडा मुलखावेगळा आहे. तबकडीवर ८० वर्तुळं, बाजू दोन, प्रत्येक वर्तुळावर १८ घरं आणि प्रत्येक घरात ५१२ बाइट. गुणाकार केला की १४,७४,५६० बाइट होतात. एक एमबी म्हणजे हजार गुणिले हजार म्हणाल तर हे १.४७ एमबी. एक एमबी म्हणजे १०२४ गुणिले १०२४ म्हणाल तर १.४१ एमबी. मग १.४४ कुठून आलं? एकदा हजाराने भागायचं आणि एकदा १०२४ने. जमीन घेताना गुंठ्यात आणि विकताना चौरस फुटांत बोलणाऱ्या माणसाला यात काही वावगं वाटणार नाही. पण ज्या यंत्राला आपण बिनचूक म्हणून डोक्यावर घेतलं, त्याच्या कपाळावरच असला तोडग्याचा हिशेब छापलेला होता, आणि वीसेक वर्षं कोणी हरकत घेतली नाही.

तिचा मान तेव्हा होताच तेवढा. १९७१ साली आयबीएमने आणलेली पहिली फ्लॉपी आठ इंची, जेवणाच्या ताटलीएवढी, आणि तिच्यात मावायचं जेमतेम ८० केबी. १९७६ला सव्वापाच इंची आली, १९८१मध्ये सोनीची साडेतीन इंची. आपल्याकडे ती पोचली तेव्हा संगणकाच्या खोलीबाहेर चपला काढाव्या लागत. आत एसी. सर फ्लॉपी हातात धरायचे ती दोन बोटांच्या चिमटीत. तिला ऊन चालत नसे, धूळ चालत नसे, लोहचुंबक चालत नसे, वाकवलेलं चालत नसे. एवढं सोवळं पाळूनही ऐन परीक्षेच्या दिवशी पडद्यावर तीन शब्द उमटत: अबॉर्ट, रिट्राय, फेल? पोरं ‘रिट्राय’ दाबत राहायची. ‘फेल’ हा पर्याय स्वतःच्या हाताने निवडायची आपल्याकडे पद्धत नाही.

आता ज्या वस्तूला सोवळ्यात ठेवायचं ती दाजींच्या शेडमध्ये काय भोगत असेल याची कल्पना करा. बारा सुया दिवसभर कापड टोचतात. सुताची लव हवेत तरंगते आणि फ्लॉपी ड्राइव्हच्या उघड्या खाचेत अंथरूण घालते. त्यात पावसाळा. जूनमध्ये कपाटातल्या चपलांना जी बुरशी धरते, तीच फ्लॉपीच्या तबकडीवर गोल गोल नक्षी काढते. कधी कधी आतल्या डिझाईनपेक्षा ती बरी दिसते. अशी फ्लॉपी ड्राइव्हमध्ये घातली की ड्राइव्हच्या हेडलाही ती लागते, आणि मग पुढची चांगली फ्लॉपीसुद्धा बाद. दाजी फ्लॉपीचं पत्र्याचं झाकण अंगठ्याने सरकवून आत फुंकर मारायचे. फुंकरीने काय होतं ते त्यांनाही माहीत नव्हतं. पण आजारी माणसाच्या उशाशी हात जोडून नुसतं कोण बसतं?

नव्या घ्याव्यात तर मिळतात कुठे? सोनीने २०११च्या मार्चमध्ये फ्लॉपी बनवणं थांबवलं. ती बातमी इतरांनी गंमत म्हणून वाचली, दाजींनी मयताची म्हणून वाचली. त्यांनी लॅमिंग्टन रोडला जाऊन मिळतील तेवढे डबे उचलले. शेवटचा कोरा डबा कितीतरी वर्षं ताईच्या कपाटातल्या लॉकरमध्ये, तिच्या पाटल्यांशेजारी होता. ताई म्हणायची, दागिने काढायला गेलं की आधी फ्लॉप्या बाजूला ठेवाव्या लागतात.

या काळात मी त्यांना धीर देण्यासाठी जगातली उदाहरणं सांगत असे. अमेरिकेच्या सरकारी लेखापरीक्षकांनी २०१६ साली जाहीर केलं की तिथल्या अण्वस्त्रदलांना हुकूम पोचवणारी यंत्रणा सत्तरच्या दशकातल्या संगणकांवर आणि आठ इंची फ्लॉप्यांवर चालते. जगाचा अंत करण्याची सोय, आणि ती ताटलीएवढ्या फ्लॉपीवर. दाजींनी हे लक्ष देऊन ऐकलं आणि विचारलं, “त्यांना कोऱ्या कुठून मिळतात?” २०१९मध्ये त्यांनीही त्या काढून टाकल्या असं सांगितल्यावर म्हणाले, “मग जुन्याचं काय केलं? विचारून बघ.” माझी अमेरिकेच्या हवाई दलात इतकी ओळख नाही.

सॅन फ्रान्सिस्कोची गोष्ट त्यांना जास्त पटली. तिथल्या म्युनी मेट्रोच्या गाड्या सांभाळणारी यंत्रणा १९९८ सालची. रोज सकाळी तिला सव्वापाच इंची फ्लॉपीतून जागं करावं लागतं, मग गाड्या धावतात. ती बदलण्यासाठी २०२४मध्ये शहराने हिताची कंपनीशी २१ कोटी २० लाख डॉलरचा करार मंजूर केला. रक्कम ऐकून दाजी बराच वेळ काही बोलले नाहीत. नंतर म्हणाले, “आपल्या मिस्त्रीला पाठवू का?”

जपानचं मात्र मी त्यांना सांगायला नको होतं. तिथे २०२२ साली तारो कोनो या डिजिटल मंत्र्यांनी फ्लॉपीविरुद्ध चक्क युद्ध पुकारलं. सुमारे १,९०० सरकारी कामांत कागदपत्रं फ्लॉपी, सीडी असल्या वस्तूंवर द्यावीत असा नियम होता. २०२४च्या जूनअखेर त्यांनी विजय जाहीर केला: हजारावर नियम रद्द, जुन्या गाड्या मोडीत काढण्यासंबंधीचा तेवढा एक शिल्लक. दाजी हळहळले. “ज्यांनी हे बनवलं,” मशीनवर हात ठेवून ते म्हणाले, “त्यांनीच युद्ध करावं?” त्यांच्या आवाजात असं काही होतं की मी विषय बदलून टोप्यांच्या भावावर आणला.

शेवटी ऐन गणपतीच्या तोंडावर ड्राइव्ह बसली. तिच्यातून आधी घरघर, मग करकर आणि मग काहीच ऐकू येईना. मिस्त्री आला. हा मिस्त्री म्हणजे पुणे जिल्ह्यातल्या निम्म्या म्हाताऱ्या मशीनचा फॅमिली डॉक्टर. त्याने ड्राइव्ह काढली, हुंगली, बाजूला ठेवली आणि पिशवीतून एक पेटी काढली. पेटी हुबेहूब फ्लॉपी ड्राइव्हच्या मापाची. तेच स्क्रू, त्याच ठिकाणी भोकं, मागे तोच ३४ पिनांचा जोड, तीच वीज. रंगसुद्धा तसाच पिवळट पांढरा. पुढे मात्र खाच नाही. खाचेच्या जागी पेनड्राइव्हचं भोक, दोन बटणं आणि लाल आकड्यांचा एक चिमुकला फलक.

“हे फ्लॉपी नाही, शेठ,” मिस्त्री म्हणाला, “पण मशीनला सांगायचं नाही.”

हे तो गमतीने म्हणाला नव्हता. त्या पेटीचं कामच तेवढं आहे: मशीनला कळू न देणं.

मशीन आपल्या जुन्या सवयीने हुकूम सोडतं: हेड पुढच्या वर्तुळावर न्या. पेटी सांगते, नेलं. नेलेलं काहीच नसतं. न्यायला हेडच नाही. मशीन विचारतं: पहिल्या वर्तुळावर आलात का? पेटी म्हणते, हो, आत्ताच पोचले. फ्लॉपी मिनिटाला ३०० वेळा फिरते आणि प्रत्येक फेरीला ड्राइव्ह एक खूण पाठवते, म्हणजे दर २०० मिलिसेकंदाला एक. ती खूण आली नाही तर मशीन समजतं, आत फ्लॉपी नाही. म्हणून पेटी इमानाने दर २०० मिलिसेकंदाला खूण पाठवते: झाली फेरी, झाली फेरी. आत फिरणारं काही नाही. एक चिप आहे, ती स्वस्थ बसून नसलेल्या तबकडीच्या फेऱ्या मोजते.

यातली खरी मौज वेगाची. पेनड्राइव्हने ठरवलं तर अख्ख्या फ्लॉपीचा मजकूर तो चुटकीसरशी हातात देईल. पण फ्लॉपी वाचायला ८० वर्तुळं, दोन बाजू आणि प्रत्येकी एक फेरी धरली तरी निदान ३२ सेकंद लागायचे, आणि मशीनचे कान त्याच वेगाला लावलेले. घाईने दिलेलं त्याला ऐकू येत नाही. त्यामुळे पेनड्राइव्हकडून माहिती घेऊन पेटी ती हातात धरून बसते आणि काल्पनिक तबकडी फिरत फिरत योग्य जागी आली की मगच पुढे करते. हे मी दाजींना समजावून सांगितलं. त्यांना ते एका वाक्यात कळलं. “म्हणजे काम झालेलं असतं, पण साहेब विचारेपर्यंत फाइल टेबलावर ठेवायची.” दाजींचे वडील जिल्हा परिषदेत होते.

मला मात्र आठवण झाली ती बालगंधर्वांची. पुरुषाने स्त्रीची भूमिका करायची आणि अशी करायची की प्रेक्षकांतल्या बायका त्याची लुगडी नेसायची तऱ्हा उचलतील. संगीत रंगभूमीच्या त्या काळात नाटकाला बायका मिळत नव्हत्या, म्हणून स्त्री-पार्ट आला. आता कोऱ्या फ्लॉप्या मिळत नाहीत, म्हणून ही पेटी आली. आणि सोंग वठवण्याचा हट्ट किती? या पेट्यांमध्ये हौशी लोकांनी बनवलेली एक आज्ञावली घालता येते. तिच्यात एक छोटा स्पीकर जोडण्याची सोय आहे, कशासाठी, तर जुनी ड्राइव्ह हेड सरकताना जशी कट्-कट् वाजायची तसा आवाज यावा. म्हणजे जो आवाज ऐकून एकेकाळी आपल्या पोटात गोळा यायचा, तो आता पदरमोड करून विकत घ्यायचा. परदेशात जुने घरगुती संगणक सांभाळणारे लोक हे आनंदाने करतात. मिस्त्रीच्या पिशवीतही असा एक स्पीकर होता. दाजींनी विचारलं, “याने मशीन बरं चालतं का?” मिस्त्री म्हणाला, “मशीनला काही नाही. ऑपरेटरला बरं वाटतं.” दाजींनी बसवून घेतला.

या सगळ्या सोंगाढोंगात यूएसबीचा स्वभाव कुठेतरी हरवतो, असं मला आधी वाटलं होतं. यूएसबीच्या जन्मामागच्या मंडळींत अजय भट्ट यांचं नाव पुढे असतं. ते बडोद्याच्या महाराजा सयाजीराव विद्यापीठात शिकले, पुढे अमेरिकेत इंटेलमध्ये गेले, आणि १९९६ साली यूएसबीची पहिली आवृत्ती बाहेर आली. एकच जोड सगळ्यांना चालावा, हा त्यामागचा साधा विचार. २००९मध्ये इंटेलने त्यांच्यावर जाहिरात काढली: ते ऑफिसात येतात आणि सहकारी त्यांना रॉकस्टार असल्यासारखं डोक्यावर घेतात. ती जाहिरात बघून मी खूश झालो होतो. नंतर कळलं की जाहिरातीत अजय भट्ट नाहीतच. त्यांची भूमिका सुनील नारकर नावाच्या नटाने केली आहे. यूएसबीच्या जनकाच्या जागीही दुसरा माणूस उभा केला होता आणि जगाने तोच खरा मानला. पेटीला कशाला नावं ठेवायची?

आता पेटीच्या आतला कारभार. साध्या पेटीत पेनड्राइव्हचे शंभर तुकडे पडतात, ०० ते ९९. प्रत्येक तुकडा म्हणजे एक फ्लॉपी, तीच १.४४ एमबीची. बटण दाबायचं, फलकावर आकडा फिरतो, आणि मशीनला वाटतं, कोणीतरी फ्लॉपी बदलली. शंभर फ्लॉप्यांना जागा लागते दीडशे एमबी. पेनड्राइव्ह आहे १६ जीबीचा. म्हणजे शंभर गुंठ्यांतला एक गुंठा लागवडीखाली, बाकी नव्याण्णव पडीक. लहान पेनड्राइव्ह दुकानात मागितला तर दुकानदार असा बघतो, जणू आपण पाव किलो हत्ती मागितला.

आणि या शंभर फ्लॉप्यांपैकी कोणत्या आकड्यावर काय आहे, हे मशीन सांगत नाही, पेटी सांगत नाही. ते एका वहीत लिहून ठेवावं लागतं. दाजींनी लाल पुठ्ठ्याची खतावणी काढली, वर ‘श्री’ लिहिलं, आणि एकविसाव्या शतकातल्या साठवणुकीची अनुक्रमणिका बॉलपेनने सुरू झाली. ‘०७ – शाळा, मोर, जुना.’ ‘०८ – शाळा, मोर, नवा (चोच बारीक).’ ‘२३ – रिकामी, वापरू नये.’ का वापरू नये ते लिहिलेलं नाही, आणि कोणी वापरत नाही.

फाइलच्या नावाची तर वेगळीच कथा. या मशीनला नाव आठ इंग्रजी अक्षरांतच कळतं. तिकडे गिऱ्हाइकाचं नाव असतं ‘श्रीमंत अखिल अमुक पेठ तमुक चौक सार्वजनिक गणेशोत्सव मित्र मंडळ ट्रस्ट’. ते आठ अक्षरांत बसवताना सगळी मंडळं ‘अखिल’ होतात. मग अखिल१, अखिल२, अखिल३. एकदा अखिल४च्या टोप्या अखिल६ला गेल्या. दोन्ही मंडळं एकाच रस्त्यावरची आणि एकमेकांशी बोलत नसलेली. त्या निमित्ताने बोलली. काय बोलली ते इथे लिहिता येणार नाही.

पक्षांची पानं खतावणीत सगळ्यात जास्त खाडाखोडीची. ४१ नंबरवर एका पक्षाचं चिन्ह होतं. पक्ष फुटला, चिन्ह गोठलं, दाजींनी ४१समोर ‘गोठलेले’ असं लिहिलं आणि ४२वर एका गटाचं नवं चिन्ह, ४३वर दुसऱ्या गटाचं. मग मूळ चिन्ह एका गटाला मिळालं. ४१ पुन्हा चालू, पण गिऱ्हाईक दुसरं, आणि जुन्या गिऱ्हाइकाची उधारी तशीच. दाजी म्हणतात, लोकशाहीत एवढी उलथापालथ होईल हे माहीत असतं तर हजार फ्लॉप्यांची पेटी घेतली असती. तशीही मिळते.

पेटी सुखाने चालू लागली आणि मिस्त्रीचं बिल आलं. पेटीला फ्लॉपीचं सोंग आणता येतं, पैशाचं सोंग कोणालाच आणता येत नाही, हे दाजींनी बिल देताना दोनदा सांगून पाहिलं. मिस्त्रीने दोन्ही वेळा मान डोलावली आणि हात पुढेच ठेवला.

मग भाचा सुट्टीत घरी आला. अभियांत्रिकीच्या तिसऱ्या वर्षाला असलेला मुलगा घरातली कोणतीही चालू वस्तू दुरुस्त करू शकतो. त्याने तो पेनड्राइव्ह लॅपटॉपला लावला आणि ओरडला, “बाबा, तुम्हाला फसवलंय! १६ जीबी लिहिलंय आणि आत १.४४ एमबीच आहे!” त्याचंही चूक नव्हतं. पेटी पेनड्राइव्ह अशा काही रीतीने तोडते की विंडोजला पहिला तुकडा तेवढा दिसतो. पुढचे नव्याण्णव विंडोजच्या लेखी नाहीतच. भाच्याने पेनड्राइव्ह कर्तव्यबुद्धीने पुन्हा फॉरमॅट केला आणि १६च्या १६ जीबी मोकळे करून वडिलांच्या हातात ठेवले. त्यात शंभर फ्लॉप्या गेल्या. मोर गेला, बारीक चोचीचा मोर गेला, सगळे अखिल गेले, गोठलेलं चिन्ह वितळलं.

शेडमध्ये त्या दिवशी कोणी जेवलं नाही. ताईला मात्र सुचलं. लॉकरच्या खालच्या खणात जुन्या, भरलेल्या फ्लॉप्यांचे डबे तसेच होते. दाजींनी ‘असू दे’ म्हणून ठेवले होते. त्यांच्या घरात ‘असू दे’ या सदराखाली दोन पंखे आणि एक म्हातारी स्कूटरही आहे. आता त्या वाचायच्या कशा? भाच्याच्या लॅपटॉपला खाच नाही. त्याने पापक्षालन म्हणून ऑनलाइन शोधून यूएसबीवर चालणारी फ्लॉपी ड्राइव्ह मागवली. तीही असते: बाहेर यूएसबीची वायर, आत खरी फिरणारी तबकडी. म्हणजे मशीनमध्ये फ्लॉपीचं सोंग घेतलेली यूएसबी आणि लॅपटॉपला यूएसबीची वायर लावलेली फ्लॉपी. ती जोडल्याबरोबर विंडोजने, जे पेनड्राइव्हला मागे मागे सरकवत होतं त्याच विंडोजने, एका क्षणाचीही चौकशी न करता तिला ‘ए’ देऊन टाकला.

बुरशी न धरलेल्या फ्लॉप्यांतून बरंचसं परत मिळालं. ४१ नंबर मिळाला नाही. तो ज्या फ्लॉपीवर होता तिला बुरशीने पूर्ण व्यापलं होतं. दाजींना ते अनेक अर्थांनी योग्य वाटलं.

या भानगडीनंतर मिस्त्री पुन्हा आला तेव्हा मी त्याला या सगळ्याच्या मुळाशी काय आहे ते विचारलं. त्याच्याकडे उत्तर तयार होतं. तो म्हणाला, फ्लॉपी तरी कुठे अस्सल होती? तो हा धंदा शिकला तेव्हा मशीनला भोकं पाडलेली कागदाची पट्टी लागायची. डीएसटी फाइलमधले ते तीन-तीन बाइट त्या पट्टीच्या भोकांच्या हिशेबाचे. फ्लॉपी आली तेव्हा तिने पट्टीचीच नक्कल केली. तो तिथे थांबला, पण पट्टीच्याही मागे जाता येतं. फ्रान्समध्ये जाकारने १८०४च्या सुमाराला भोकं पाडलेल्या पुठ्ठ्यांवर माग चालवला. त्या पुठ्ठ्यांवरून पुढे हिशेबाच्या यंत्रांनी भोकांची कार्डं उचलली, त्या यंत्रांचे संगणक झाले, आणि संगणकांनी फ्लॉपी काढून परत कापडवाल्यांच्याच गळ्यात मारली.

“आणि आता नवीन आलंय,” मिस्त्री म्हणाला. “वायफायवालं. इथे भोकात एवढंसं यंत्र लावायचं, ते पेनड्राइव्हचं सोंग घेतं. डिझाईन घरून फोनवरून पाठवा.”

“म्हणजे,” दाजी बोटांवर मोजत म्हणाले, “वायफाय म्हणणार मी पेनड्राइव्ह, पेनड्राइव्ह म्हणणार मी फ्लॉपी, आणि फ्लॉपी म्हणणार मी कागदाची पट्टी.”

“बरोबर.”

“मग यात खरं काय राहिलं?”

मिस्त्रीने वाकून तिसऱ्या हेडखाली बघितलं.

“सुई, शेठ. पण तिचं टोक गेलंय. अकरा नंबरची आहे का घरात?”